दुरुस्तीची जागा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ३१ वर्षे ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी रोज सकाळी वाचन कक्ष उघडताना तिथे जाऊन बसण्याची सवय सुटलेली नाही. आलेली वृत्तपत्रे मोजून घेणे, त्यांवर वाचनालयाचा शिक्का मारणे, ती उतरत्या फळ्यांवर लावणे आणि महिनाअखेर त्यांच्या फाइली बांधून कपाटात ठेवणे, हे काम मी इतकी वर्षे केले आहे की वृत्तपत्राच्या कागदाचा वास माझ्या हाताला कायमचा लागला आहे. हे पत्र वृत्तपत्रांच्या निंदेसाठी नाही. गेल्या वर्षभरात आमच्या तीन जुन्या सभासदांनी मला येऊन सांगितले, की त्यांनी घरी येणारे वृत्तपत्र बंद केले आहे. परवडत नाही म्हणून नव्हे, डोळ्यांना दिसत नाही म्हणूनही नव्हे. तिघांचे शब्द जवळपास सारखे होते: वाचून जिवाला त्रास होतो, आणि त्यातले खरे किती हे कळत नाही. त्यांना समजावण्यासाठी माझ्याकडे पुरेसे उत्तर नव्हते. म्हणून आपल्याला लिहीत आहे.

आधी एक प्रसंग सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातील एका शाळेच्या मुख्याध्यापकांवर शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा अपहार केल्याचा गुन्हा दाखल झाला. एका वृत्तपत्राच्या जिल्हा आवृत्तीत पहिल्या पानावर, चार स्तंभांत, छायाचित्रासह ती बातमी आली. गुन्हा नुसता दाखल झाला होता, तपास व्हायचा होता; पण मथळ्यात त्यांना थेट चोर ठरवले होते. त्या दिवशी वाचन कक्षात त्या एका फळीसमोर माणसे रांग लावून उभी होती, हे मला स्पष्ट आठवते. पुढे खटला चालला. सहा वर्षांनी न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. एके दिवशी दुपारी ते वाचनालयात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत निकालपत्राची सत्यप्रत. त्यांना फक्त एवढेच पाहायचे होते, की आपण सुटल्याची बातमी कुठे आली आहे का. निकालाच्या तारखेपासून पुढच्या तीन आठवड्यांच्या फाइली आम्ही दोघांनी मिळून पाहिल्या. पहिले पान, जिल्ह्याची पाने, ‘संक्षिप्त’ म्हणून येणारा आडवा पट्टा, सगळे पाहिले. एक ओळसुद्धा नव्हती.

ते त्या वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयात निकालपत्र घेऊन गेले होते, हे त्यांनी मला फाइल मिटताना सांगितले. तिथे त्यांना, खुलासा छापायचा असेल तर जाहिरात विभागात भेटा, असे सांगण्यात आले. त्यांच्यावरची बातमी फुकट छापली गेली होती. ती खोटी ठरल्याचे सांगायला मात्र प्रति चौरस सेंटीमीटर दर होता. आणि हे तिथेच संपले नाही. त्यांच्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते, आणि मुलाकडची मंडळी मोबाइलवर वडिलांचे नाव टाकून तीच जुनी बातमी काढत होती. आमच्या कपाटातली फाइल निदान धूळ खाते, पिवळी पडते. संकेतस्थळावरची बातमी रोज आजच छापल्यासारखी ताजी राहते.

ते वृत्तपत्र आपले नव्हते, हे मुद्दाम नमूद करतो. आणि त्या बातमीदारालाही मी दोष देत नाही. तालुक्याचा वार्ताहर कसा जगतो हे मी जवळून पाहिले आहे. बहुतेकांना पगार असा नसतोच. जे काही मिळते ते आणलेल्या जाहिरातींवरच्या टक्केवारीतून. ज्याच्याकडून पाडव्याची आणि वाढदिवसाची जाहिरात घ्यायची, त्याच्याविरुद्धची बातमीही त्यानेच लिहायची, अशी ही व्यवस्था आहे. पोलीस ठाण्यातून मिळालेला मजकूर रात्री आठच्या आत पाठवायचा असतो. न्यायालयात सहा वर्षे तारखांना जाऊन बसायला त्याला सवड नसते आणि कोणी तसे सांगतही नाही. चूक होते ती अशी. माझे म्हणणे चूक होण्याबद्दल नाहीच. चूक झाली हे कळल्यावर ती दुरुस्त करायला वृत्तपत्रात जागाच नाही, याबद्दल आहे. वाचकाचा विश्वास उडतो तो नेमका याच ठिकाणी.

आपल्या मराठी वृत्तपत्रसृष्टीला ही गोष्ट नवी नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले आणि दरवर्षी त्या दिवशी पत्रकार दिनाचे कार्यक्रम होतात. आमच्या वाचनालयातही होतो. पण त्या कार्यक्रमांत मला एका दुसऱ्या प्रकरणाची नेहमी आठवण होते, आणि कोणी ते फारसे सांगत नाही. ‘केसरी’ १८८१ साली सुरू झाला. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याच्या बातम्यांवरून ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी तिथले कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारे ते केले होते, ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. तुरुंगातून सुटल्यावर लोकांनी त्यांचे स्वागत केले, हे आपण अभिमानाने सांगतो. मला त्याआधीचा भाग मोठा वाटतो. आपल्याला मिळालेली कागदपत्रे खोटी होती हे कळल्यावर त्या दोन तरुणांनी तसे मान्य केले, आणि त्याने ‘केसरी’चा वाचक तुटला नाही. चूक कबूल केल्याने वृत्तपत्राचे वजन कमी होते ही समजूत निदान आपल्या इतिहासात तरी खरी ठरलेली नाही.

विश्वास उडण्याचे दुसरे कारण मी चुकीत धरत नाही, कारण ते जाणूनबुजून केलेले असते. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या दिवसांत एका सकाळी मी दोन वृत्तपत्रे शेजारशेजारच्या फळ्यांवर लावत होतो. दोन्हींत आमच्या भागातील एका उमेदवाराच्या प्रचारफेरीचे वृत्त होते. गर्दी लोटली, माताभगिनींनी औक्षण केले, विजय निश्चित, असा नेहमीचा मजकूर. सहज दोन्हींवरून नजर फिरवली तर मजकूर शब्दन् शब्द एकच. इतकेच नव्हे, तर ‘मतदार’ ऐवजी ‘मदतार’ असा मुद्रणदोषही दोन्हीकडे त्याच ओळीत. मालक वेगळे, छापखाने वेगळे, बातमीवर घातलेली ‘वार्ताहराकडून’ ही ओळ दोन्हीकडे, आणि चूक मात्र सामाईक. ते दोन्ही अंक मी आमच्या त्या वेळच्या अध्यक्षांना दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

नंतर कळले की हे आमच्या तालुक्यापुरते नव्हते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून त्या निवडणुकीतील पैसे देऊन छापल्या गेलेल्या बातम्यांचा प्रकार राज्याच्या पातळीवर उघडकीस आणला; परस्परांच्या स्पर्धक असलेल्या वृत्तपत्रांत त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांवरचा एकच लेख वेगवेगळ्या नावांनी आल्याचे त्यांनी दाखवून दिले. भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी वृत्तपत्रांची नावे घेऊन सविस्तर अहवाल लिहिला, आणि परिषदेने २०१० मध्ये तो बाजूला ठेवून त्याऐवजी एक आटोपशीर अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहितीच्या अधिकारातला लढा आणि २०११ साल उजाडावे लागले. ज्या संस्थेने वृत्तपत्रांना आरसा दाखवायचा, तिनेच आरशावर कापड टाकावे, याचे मला त्या वेळी फार वाईट वाटले होते. परिषदेला समज देण्यापलीकडे, ताशेरे ओढण्यापलीकडे काही अधिकार नाहीत हे मला ठाऊक आहे. पण नावे सांगण्याचा अधिकार तर होता.

मुख्याध्यापकांची हकीकत सांगितल्यावर इथे अर्धीच गोष्ट सांगणे मला शोभणार नाही. म्हणून पुढचेही लिहितो. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना वृत्तपत्रांत पैसे देऊन छापलेल्या मजकुराचा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल निवडणूक आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. महाराष्ट्रातील प्रकरणात त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबाबाबत आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध आदेश दिला, आणि तो दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. त्यामुळे त्यांच्याविषयी मी काही आरोप करत नाही. माझा प्रश्न उमेदवारांविषयी नाहीच. त्या काळात ज्या वृत्तपत्रांनी असा मजकूर बातमी म्हणून छापला, त्यांपैकी किती जणांनी आपल्या वाचकांना पुढे येऊन सांगितले, की ती बातमी नव्हती? आमच्या फाइलींत मी शोधले. मला असा एकही खुलासा मिळाला नाही.

आता गेल्या काही वर्षांतल्या दूरचित्रवाणीकडे येतो, कारण मन अस्वस्थ होण्याचे मोठे कारण तिथे आहे. आमच्या जिल्ह्यात अनेक गावांत घरटी एक माणूस सैन्यात असतो. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा जम्मूकडे तैनात आहे. ८ मे २०२५ च्या रात्री मी तिच्याकडे होतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर आपल्या सैन्याने कारवाई केली होती आणि मुलाचा फोन लागत नव्हता. टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगत होते, पाकिस्तानची शहरे पडल्याचे सांगत होते, आणि मागे युद्धाचा भोंगा एकसारखा वाजत होता. बहीण प्रत्येक भोंग्याला दचकत होती. ती मला विचारत होती, “दादा, कराची घेतली म्हणजे आता तिकडून आमच्या पोरावर काय येईल?” मी वाहिनी बदलली, तिथेही भोंगाच. रात्री दोनच्या सुमारास मी टीव्हीची वायर प्लगमधून काढली. कराची बंदर उद्ध्वस्त झालेले नव्हते, शहरे पडलेली नव्हती, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्पष्ट झाले. १० मे रोजी गृह मंत्रालयाच्या नागरी संरक्षण विभागाला वाहिन्यांना लेखी सांगावे लागले, की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्यांचा आवाज वापरू नका, नाहीतर खरा भोंगा वाजेल तेव्हा लोक तो गंभीरपणे घेणार नाहीत. खऱ्या भोंग्याची किंमत राहावी म्हणून सरकारला सूचना काढावी लागते, ही किती दुःखाची गोष्ट आहे! बातमीचेही नेमके असेच झाले आहे. रोज ‘सर्वांत मोठी बातमी’ असा पट्टा फिरत राहिला, की खरोखरची मोठी बातमी आली तरी माणूस मान वर करत नाही.

भाच्याचा फोन ११ तारखेला सकाळी आला. तो सुखरूप होता. ज्या वाहिन्यांनी बहिणीची ती रात्र अशी घालवली, त्यांपैकी मी पाहत होतो त्या एकाही वाहिनीवर पुढच्या आठवडाभरात, आम्ही त्या रात्री चुकीचे सांगितले, असे शांतपणे सांगितलेले मी ऐकले नाही.

मग वृत्तपत्र बंद करणारे, टीव्ही बंद करणारे आमचे सभासद बरोबरच नव्हे का, असे कोणी विचारील. मी तसे मानत नाही, आणि त्याचे कारण राईनपाडा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या या गावात, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी फिरत आलेले लोक होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या चित्रफिती त्या दिवसांत आमच्याही वाचन कक्षात प्रत्येकाच्या मोबाइलवर होत्या. एका शिक्षक सभासदाने त्यांतली एक मला मोठ्या काळजीने दाखवली होती आणि नातवाला एकट्याला सोडू नका असे बजावले होते. ती चित्रफीत कोणी काढली, कुठे, केव्हा, हे त्यांनाही माहीत नव्हते आणि विचारायचे तरी कोणाला? वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी, भिंग लावून वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत का होईना, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे आणि पत्ता असतो; बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी संपादकांवर असल्याचे तिथे लिहिलेले असते. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराला अशी शेवटची ओळ नसते. त्या एका ओळीसाठी मी अजून वृत्तपत्राचा वाचक आहे. पण संपादक महोदय, जबाबदार कोण हे छापायचे आणि जबाबदारी पार पाडण्याची जागा मात्र छापायची नाही, हे फार काळ चालणार नाही.

वाचक म्हणून मी स्वतःपुरते काय केले तेही सांगतो, कारण सगळा भार आपल्यावर टाकणे योग्य नव्हे. २०१० पासून मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर बातमीचे कात्रण किंवा तारखेसह चार ओळी, आणि उजवे पान कोरे. पुढे काय झाले ते कळले की उजव्या पानावर लिहायचे. आमच्या ओढ्यावरच्या पुलाला मंजुरी मिळाल्याच्या चार बातम्या डाव्या पानांवर आहेत. पूल झाल्याची नोंद उजवीकडे अजून नाही. या वहीने मला एक शिस्त लावली. ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ अशी बातमी मी लगेच मनावर घेत नाही. ती डाव्या पानावर जाते आणि तिथे थांबते. ज्या बातमीत कोण म्हणाले, कोणत्या कागदावरून, हे लिहिलेले असते, तीच मी दुसऱ्याला सांगतो. रात्री जेवणानंतर बातम्या ऐकत नाही. आजची घटना उद्या सकाळी वाचली तरी माझे किंवा देशाचे काही बिघडत नाही, हे मला मार्च-एप्रिल २०२० मध्ये कळले. टाळेबंदीत मुंबई-पुण्यापासून आमच्यापर्यंत वृत्तपत्रे घरी येणे थांबले होते, आणि त्या दिवसांच्या फाइलीतली पोकळी आजही कपाटात दिसते. मन शांत होते ते बातमी टाळल्याने नव्हे, तर बातमीला तिच्या वेळेपर्यंत थांबवून धरल्याने, असा माझा अनुभव आहे. बहिणीला मी आता हेच करायला लावले आहे.

आता आपल्याकडे मागणे. पहिले आणि महत्त्वाचे हे, की आपल्या वृत्तपत्रात दुरुस्त्यांसाठी रोजची, ठरलेली, चौकटीतली जागा असावी. बातमी पहिल्या पानावर चुकली असेल तर दुरुस्तीही पहिल्या पानावर यावी. ‘काल तांत्रिक कारणाने’ असे गोलमाल न लिहिता काय छापले होते आणि खरे काय आहे, ही दोन्ही वाक्ये लिहावीत. ज्यांच्यावरील गुन्ह्याची बातमी आपण नाव व छायाचित्रासह छापली, त्यांची मुक्तता झाली तर तेही तितक्याच ठळकपणे आणि विनामूल्य छापावे, आणि संकेतस्थळावरच्या जुन्या बातमीच्या शिरोभागी ती ओळ जोडावी. हे अशक्य नाही. ‘द हिंदू’ने २००६ मध्ये के. नारायणन यांना वाचकांचे संपादक म्हणून नेमले आणि दुरुस्त्यांचा स्तंभ नियमित केला. वाचकांच्या तक्रारी संपादकांच्या अखत्यारीबाहेर राहून तपासणारा असा एखादा ज्येष्ठ माणूस मराठी वृत्तपत्राला मिळणार नाही, असे मला वाटत नाही. आपल्याकडे कितीतरी निवृत्त उपसंपादक आहेत, ज्यांची नजर अजून तीक्ष्ण आहे.

दुसरे, पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हाच शब्द असावा. ‘विशेष उपक्रम’, ‘इम्पॅक्ट फीचर’ अशी नावे आमच्या वाचन कक्षातल्या आजोबांना कळत नाहीत. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीवर प्रत्येक पानाच्या माथ्यावर तो शब्द डोळ्यांना दिसेल अशा आकारात असावा. बातमीचा टंक आणि जाहिरातीचा टंक वेगळा ठेवण्याची पद्धत पूर्वी होती, ती परत आणावी.

यासाठी पैसे लागतील याची मला कल्पना आहे. पाच-सहा रुपयांत मिळणाऱ्या अंकाच्या कागदाचा आणि छपाईचाही खर्च त्या किमतीतून निघत नाही, उरलेले जाहिरातदार भरतो, आणि जो भरतो त्याचे ऐकावे लागते. तेव्हा किंमत वाढवावी, असे मी एक वाचक म्हणून आपल्याला लिहून देतो. महिन्याच्या रद्दीचा भाव काढून वृत्तपत्र परवडते की नाही याचा हिशेब करणाऱ्या आम्हा वाचकांनीही आपली चूक कबूल केली पाहिजे. वार्ताहराला जाहिरातीच्या टक्केवारीऐवजी पगार मिळणार असेल, तर दुप्पट किंमत देणारे वाचक आमच्या एकट्या वाचनालयात निदान वीस-पंचवीस निघतील. मी त्यांच्याशी बोललो आहे.

मुख्याध्यापक मागच्या महिन्यात पुन्हा आले होते. मुलीचे लग्न ठरले आहे. त्यांनी निकालपत्राची एक छायाप्रत वाचनालयाला दिली आणि मी ती त्या वर्षीच्या फाइलीत, त्या बातमीच्या पानाला टाचून ठेवली. फाइलीत असे काही टाचणे नियमात बसत नाही, पण आमच्या आताच्या ग्रंथपाल ताईंनी हरकत घेतली नाही. आपण दुरुस्तीची चौकट सुरू केलीत, तर पहिला अंक कोणत्या तारखेचा असेल ते कृपया एका पोस्टकार्डाने कळवावे. वाचन कक्षाच्या फलकावर ती तारीख मी स्वतः खडूने लिहीन, आणि ज्या तिघांनी वृत्तपत्र बंद केले आहे, त्यांच्या घरी जाऊन सांगेन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल
(जि. सातारा)